तिकडची पद्धत आली, लगाम मागेच राहिला

वाचकाचं पत्र : ‘वर्गणीवर चालणाऱ्या एका ऑनलाइन सेवेत मी नऊ वर्षं स्क्रीन डिझाइन करते आहे. सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडे नवे वरिष्ठ आले. दोन देशांतल्या मोठ्या कंपन्यांमध्ये काम करून आलेत. त्यांनी एक आराखडा मांडलाय. मोफत चाचणीचा महिना संपला की पुन्हा न विचारता पैसे कापायचे. वर्गणी रद्द करायची लिंक सेटिंग्जमधून काढून टाकायची. ज्याला रद्द करायचं असेल त्यानं फोन करावा. आणि जिथे साधं “नको” लिहिलंय तिथे “नको, माझं नुकसान झालं तरी चालेल” असं बटण ठेवायचं. मी हरकत घेतली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “तिकडे सगळे हेच करतात. तिकडचे कायदे इथल्यापेक्षा कडक, तरी चालतं. तुम्ही जगाच्या मागे आहात.” मला उत्तर सुचलं नाही. खरंच मी मागे आहे का? आणि अशा पद्धती एका देशातून दुसऱ्या देशात इतक्या सहज पोचतात तरी कशा? दोन आठवड्यांनी बैठक आहे. घर माझ्या पगारावर चालतं, त्यामुळे नोकरी सोडा असं कृपया सांगू नका.’
— पेचात पडलेली एक डिझायनर

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही मागे नाही. तुमच्या वरिष्ठांनी सांगितलेली गोष्ट खोटी नाही, पण ती मध्येच तोडलेली आहे. पद्धत सुरू झाली आणि पैसे आले, इथवर त्यांनी सांगितलं. त्यानंतर तिकडे काय घडलं तो भाग सोबत आलेला नाही. तो तुम्ही बैठकीत घेऊन जा, एवढंच मला सांगायचं आहे. पण तो भाग काय आणि तो मागे का राहतो, ते सविस्तर सांगते.

तुमच्याच कामातलं उदाहरण घेऊ. अॅमेझॉनची प्राइम ही सदस्यता. ती रद्द करायची अमेरिकेतली वाट कशी होती, याचं वर्णन तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित जपणाऱ्या सरकारी संस्थेनं जून २०२३ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात आहे : चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय. कंपनीत या वाटेला ‘इलियड’ म्हणत, होमरच्या त्या लांबलचक युद्धकाव्यावरून, असंही दाव्यात नमूद आहे. तुम्ही हे काम रोज करता, त्यामुळे ती चार पानं तुमच्या डोळ्यांपुढे उभी राहतील. पहिल्या पानावर काय काय गमवाल त्याची यादी, पुढे स्वस्त योजना, मग ‘आत्ता नको, नंतर आठवण करा’.

आता याचा दुसरा अर्धा भाग. नॉर्वेच्या ग्राहक परिषदेनं जानेवारी २०२१ मध्ये याच वाटेवर अहवाल काढला. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या ग्राहक संघटनांनी तो उचलून धरला, युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगानं कंपनीशी बोलणी केली, आणि १ जुलै २०२२ ला जाहीर झालं की युरोपात प्राइम दोन क्लिकमध्ये रद्द होईल. योगायोग असा की त्याच दिवशी जर्मनीत नवा कायदा लागू झाला : संकेतस्थळावरून करता येणारा वर्गणीचा करार त्याच संकेतस्थळावर रद्द करता आला पाहिजे आणि त्यासाठी ठळक बटण असलं पाहिजे. पुढल्या वर्षी फ्रान्सनंही तसाच नियम आणला. अमेरिकेतला दावा सप्टेंबर २०२५ मध्ये मिटला. कंपनीनं चूक कबूल केली नाही, पण अडीच अब्ज डॉलर मोजायचं मान्य केलं : एक अब्ज दंड, दीड अब्ज ग्राहकांना परत.

म्हणजे २०२२ च्या त्या जुलैनंतर एकाच कंपनीची एकच सदस्यता एका खंडात दोन क्लिकमध्ये सुटत होती आणि दुसऱ्या खंडात तीच वाट कोर्टात जाण्याच्या मार्गावर होती. तुमच्या वरिष्ठांना एवढंच विचारा की ‘तिकडे’ म्हणजे नेमकं कुठे, आणि कोणत्या साली?

त्यांच्या बाजूचंही एक खरं आहे. ते तुम्हाला आधीच ठाऊक असलेलं बरं, म्हणजे बैठकीत कोंडी होणार नाही. अमेरिकेत ‘जितक्या सहज सदस्य होता येतं तितक्याच सहज बाहेर पडता आलं पाहिजे’ असा देशभराचा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झाला होता. तो जुलै २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं रद्द केला, कारण तो करताना ठरलेली प्रक्रिया पाळली गेली नव्हती. म्हणजे कायद्याची गाडी मागेही जाते. पण तो नियम पडल्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत वर सांगितलेले अडीच अब्ज मोजले गेले, ते जुन्याच कायद्यांखाली.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हे सगळं पसरतं कसं. पद्धत स्वतःच्या पायांनी चालत येत नाही, तिला कुणीतरी आणावं लागतं. नोकरी बदलून आलेला माणूस ती आणतो, जसे तुमचे वरिष्ठ. सल्लागार कंपन्या आणतात. एकीकडे विकलेला आराखडा त्या दहा ठिकाणी विकू शकतात. गुंतवणूकदार आणतात, कारण त्यांचा पैसा पाच देशांतल्या पाच कंपन्यांत असतो आणि पाचही कंपन्यांकडून त्यांना एकाच नमुन्याचे आकडे हवे असतात. या तिघांच्याही सामानात यशाचे आकडे असतात. खटले, कामगार संघटनांनी केलेली अडवणूक, वर्तमानपत्रांचे मथळे, ग्राहकांची चीड, हे त्या सामानात बसत नाही. यात दर वेळी लबाडी असते असं नाही. माणूस एखाद्या कंपनीत तीन वर्षं राहतो, त्या तीन वर्षांत आकडे चढताना बघतो आणि निघतो. बिल येतं पाचव्या-सहाव्या वर्षी. तेव्हा तो दुसऱ्या देशात तीच पद्धत बसवत असतो.

चौथा वाहक मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो, आणि तो तुमच्या टेबलावरच आहे : सॉफ्टवेअर. ग्राहक टिकवून ठेवण्याची तयार साधनं विकत मिळतात. त्यात अडवणुकीचे पडदे, म्हणजे स्क्रीन, आधीच बनवलेले असतात, नुसतं चालू करायचं. मग असं होतं की ग्राहकाला अडवायचं हे कुणी ठरवलंच नाही, तरी ग्राहक अडतो. मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्या अॅपचं हेच झालं. अॅप उतरवताना फोनमधल्या सगळ्या नंबरांची परवानगी घ्यायची, हप्ता चुकला की नातेवाइकांना, सहकाऱ्यांना बदनामीचे संदेश पाठवायचे. इंडोनेशिया, केनिया, भारत : भाषा वेगळ्या, चलन वेगळं, छळ तंतोतंत तोच. प्रत्येक ठिकाणी आधी माणसं पोळली, मग नियम आले. केनियात आणि भारतात ते २०२२ मध्ये आले. गूगलनं कर्जाच्या अॅपना फोनमधले नंबर आणि फोटो बघायला बंदी केली ती ३१ मे २०२३ पासून. पद्धत एका अपडेटसरशी सीमा ओलांडते, तिला आवरणारा नियम मात्र प्रत्येक देशाला पहिल्यापासून करावा लागतो. या दोन वेगांमधल्या फरकावर बराच धंदा उभा असतो.

हे मी लांबून बघून लिहीत नाही. मी स्वतः अशा एका पद्धतीच्या अंमलबजावणीत हात घातला आहे. मी ज्या कंपनीत होते तिथे सल्लागारांनी कर्मचाऱ्यांची सक्तीची प्रतवारी आणली. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचे प्रमुख जॅक वेल्श यांनी गाजवलेली पद्धत : वरचे वीस टक्के, मधले सत्तर, तळाचे दहा, आणि तळातल्यांना निरोप. माझ्या गटात बारा जण. एका बंद खोलीत फळ्यावर बारा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि सांगितलं होतं की तळाच्या चौकटीत एक तरी चिठ्ठी गेलीच पाहिजे. तळाला जावं असं त्या वर्षी कुणी नव्हतं. तासाभराच्या वादानंतर आम्ही एका शस्त्रक्रियेमुळे तीन महिने रजेवर असलेल्या सहकाऱ्याची चिठ्ठी खाली सरकवली, कारण त्याच्या बाजूनं बोलायला तो खोलीत नव्हता. ती चिठ्ठी माझ्या हातानं हलली. पिवळ्या कागदावर निळ्या शाईत त्याचं नाव होतं, ते मला आजही दिसतं.

त्या खोलीत एकानंही विचारलं नाही की ही पद्धत जिथून आली तिथे आता तिचं काय चाललंय. विचारलं असतं तर कळलं असतं की तिथेही तिच्यावर टीका होत होती. मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये अशी प्रतवारी बंद केली. खुद्द जनरल इलेक्ट्रिकनंही पुढे ती सोडून दिली. जिथून निघाली तिथे मोडीत निघालेली वस्तू दूरच्या देशात नवीकोरी म्हणून पोचते, हे मी तेव्हापासून पुन्हा पुन्हा पाहिलंय.

या सगळ्यातलं मला सर्वांत जिव्हारी लागणारं उदाहरण बाळाच्या पावडरच्या दुधाचं आहे. श्रीमंत देशांत जन्मदर उतरला तशा ते विकणाऱ्या कंपन्या आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेकडे वळल्या. परिचारिकेसारखा पोशाख घातलेल्या विक्रेत्या बायका प्रसूतिगृहांत जायच्या, बाळंतिणीच्या हातात मोफत डबा ठेवायच्या. तो डबा संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं असायचं. पुढचा डबा विकतच घ्यावा लागे. तो परवडत नसल्यानं पावडर पातळ केली जाई, आणि पाणी स्वच्छ असेलच असं नाही. ज्या घरात नळाला शुद्ध पाणी आहे, डब्यावरच्या सूचना वाचता येतात आणि पगार पुरतो, त्या घरात हीच पावडर मोठासा धोका नव्हती. पावडर बदलली नव्हती, भोवतालचं सगळं बदललं होतं. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्ले या दूध-पावडर विकणाऱ्या कंपनीवर बहिष्कार सुरू झाला. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं अशा दुधाच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. ११८ देश बाजूनं, विरोधात एकटी अमेरिका. मोफत नमुने, परिचारिकेचा आव, आईला थेट गाठणं, हे सगळं त्या संहितेनं निषिद्ध ठरवलं.

म्हणून ‘तिकडे चालतं’ यावर माझा पहिला प्रश्न असतो : तिकडे ते कशाच्या आधारावर चालतं? तुमच्या वरिष्ठांच्या त्या देशांत ग्राहक कार्ड कंपनीकडे तक्रार करून पैसे परत मिळवू शकत असेल, ग्राहक संघटना कोर्टात जात असतील, एखादं सरकारी खातं रोज तक्रारी नोंदवत असेल. पद्धतीची धार तिकडे या सगळ्यांनी बोथट केलेली असते. तीच पद्धत यातलं काहीच नसलेल्या ठिकाणी आणली, तर ती मूळ ठिकाणापेक्षा जास्त कापते.

पण मैत्रिणी, बाहेरून आलेलं म्हणून वाईट, असंही माझं म्हणणं नाही. प्रतिस्पर्ध्याचं नाव घेऊन ‘आमचं त्यांच्यापेक्षा स्वस्त’ अशी जाहिरात करणं जर्मनीत कित्येक वर्षं गैर मानलं जायचं. १९९७ च्या युरोपीय निर्देशानंतर अटी घालून त्याला मोकळीक मिळाली, आणि ग्राहकाला त्यातून माहितीच जास्त मिळाली. काही पद्धती नव्या म्हणून खटकतात, काही दुखापत करतात म्हणून. दोन्हींत फरक करायची माझी एक साधी रीत आहे. पद्धत एका वाक्यात, ग्राहकाच्या तोंडावर सांगून बघायची. ‘आमचा माल त्यांच्यापेक्षा स्वस्त आहे’ हे सांगितल्यावरही जाहिरात चालते. ‘तुम्ही विसराल या आशेवर आम्ही महिना मोफत दिलाय, आणि आठवलंच तर फोनवर ताटकळत ठेवू’ हे सांगितलं तर तुमच्या वरिष्ठांचा आराखडा चालेल का? सांगितल्यावर जी चालत नाही, ती पद्धत ग्राहकाला न कळण्यावरच उभी आहे.

‘आम्ही नाही केलं तर दुसरे करतील’ हा मुद्दा बैठकीत येईलच. तो जुना आहे. परदेशातल्या अधिकाऱ्यांना लाच देणं अमेरिकेनं १९७७ मध्ये गुन्हा ठरवलं, तेव्हा तिथल्या कंपन्या हेच म्हणत होत्या. खोटं बोलत नव्हत्या. जर्मनीत अशी परदेशी लाच पार १९९९ पर्यंत खर्च म्हणून करातून वजा करता येत होती. वीस वर्षं एकाच देशानं हा भार उचलला. मग १९९७ मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांनी मिळून अशा लाचेविरुद्ध करार केला. २००८ मध्ये त्याच जर्मनीतली सीमेन्स कंपनी लाचखोरीच्या प्रकरणात अमेरिका आणि जर्मनी मिळून सुमारे १.६ अब्ज डॉलर भरून बसली. सगळे करत होते हे खरं होतं, त्याच्या जोरावर कुणी सुटलं मात्र नाही.

आता बैठकीकडे येऊ. ‘हे अनैतिक आहे’ या शब्दांनी सुरुवात करू नका. तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी त्या शब्दावर समोरचा माणूस स्वतःच्या चारित्र्याचा बचाव करू लागतो आणि आराखडा बाजूला राहतो. त्याऐवजी एका कागदावर वर सांगितलेल्या तारखा मांडा. अहवाल कधी आला, आयोगानं काय केलं, जर्मनीचं बटण, अडीच अब्ज. खाली एकच ओळ : ‘आपण या क्रमात कुठल्या टप्प्यावर शिरतो आहोत?’

दुसरं, ज्यांच्याकडे पैशांचे व्यवहार आहेत त्या सहकाऱ्याला बैठकीआधी भेटा. व्हिसा या कार्ड कंपनीनं एप्रिल २०२० पासून मोफत चाचणीनंतर आपोआप पैसे कापणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी नियम घातले आहेत : चाचणी संपण्याच्या किमान सात दिवस आधी ग्राहकाला संदेश, आणि ऑनलाइन रद्द करायची सोपी सोय. फक्त फोनवरून रद्द करायची अट या नियमाला थेट धडकते. तुमच्या कंपनीचा बँकेशी काय करार आहे तो त्यांना बघायला सांगा. ग्राहकांनी बँकेमार्फत परत खेचलेल्या पैशांचं, म्हणजे चार्जबॅकचं, प्रमाण वाढलं तर कार्डानं पैसे घ्यायची सोयच धोक्यात येते. हे वाक्य तुमच्यापेक्षा त्यांच्या तोंडून आलं तर जास्त वजन पडेल.

आणि रिकाम्या हातानं जाऊ नका. तुमच्या वरिष्ठांना आकडे हवे आहेत, ती त्यांची नोकरी आहे. वर्गणी दोन महिने थांबवून ठेवायची सोय द्या. अनेकांना जायचं नसतं, थांबायचं असतं. जाताना एक ऐच्छिक प्रश्न ठेवा, का जाताय. रद्द केल्यावर जुनी नोंद किती दिवस जपून ठेवू ते लिहा, म्हणजे परत येणं सोपं होईल. हे पडदे तुम्ही स्वतः आखून घेऊन जा. नऊ वर्षांचा हात आहे तुमचा. फळ्यावर काढलेल्या बाणापेक्षा तयार पडदा समोर ठेवलेला बरा.

‘नको, माझं नुकसान झालं तरी चालेल’ या बटणाबद्दल वेगळं सांगते. ग्राहकाला स्वतःची लाज वाटायला लावून अडवायच्या या युक्तीला ‘कन्फर्म शेमिंग’ असं नाव आहे. अशा सगळ्या युक्त्यांना २०१० मध्ये हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरनं ‘डार्क पॅटर्न’ म्हटलं. तुमच्याच पेशातला माणूस. त्यानं दिलेला शब्द पुढे कॅलिफोर्नियाच्या कायद्यात शिरला, युरोपच्या डिजिटल सेवा कायद्यात शिरला, भारतानं २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावातच तो आहे आणि त्यात हे बटण नावानिशी नोंदवलंय. लगामही देशोदेशी जातात. हळू जातात, पण जातात, आणि त्यांनाही कुणीतरी उचलून न्यावं लागतं. या वेळी ते काम तुमच्याकडे आलंय.

बैठकीनंतर त्याच दिवशी एक छोटी मेल लिहा. ‘आज चर्चा झाली, मी या तीन गोष्टींकडे लक्ष वेधलं, निर्णय असा झाला.’ आरोप नको, विशेषणं नकोत. पुढे कधी चौकशी झाली तर बोट सहसा स्क्रीन आखणाऱ्याकडेच जातं, तेव्हा ही मेल तुमच्या पाठीशी उभी राहील. पण कंपनीची कागदपत्रं किंवा ग्राहकांची माहिती घरी नेऊ नका, बाहेर कुणाला पाठवू नका. तशी वेळ आलीच तर आधी वकिलाला भेटा. तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला मिळणारं संरक्षण देशोदेशी फार वेगळं आहे.

आणि एवढं करूनही आराखडा मंजूर झाला तर? नोकरी सोडू नका, तुम्ही तसं बजावलंय आणि ते योग्यच आहे. तिन्ही गोष्टींसाठी सारख्याच जिद्दीनं भांडायची ताकद नसेल तर रद्द करण्याच्या लिंकसाठी भांडा. बटणावरचा मजकूर उद्या एका ओळीत बदलता येतो. चाचणी संपल्याचा संदेश नंतर जोडता येतो. पण बाहेर पडायची वाट एकदा फोनवर नेली की तिथे माणसं नेमली जातात, त्यांना अडवलेल्या ग्राहकांमागे बक्षीस ठरतं, आणि मग ती वाट परत स्क्रीनवर आणायला कुणी तयार होत नाही.

माझ्या त्या बारा चिठ्ठ्यांच्या खोलीत मी फक्त एवढं म्हणायला हवं होतं : ‘थांबा, ही पद्धत जिथून आली तिथल्या कुणाला तरी एक फोन करू.’ कदाचित काही बदललं नसतं. पण मी म्हटलं नाही. तुम्ही मात्र बैठकीच्या आधीच पत्र लिहिलंत, आणि हातात अजून दोन आठवडे आहेत. तारखांचा कागद आजच करायला घ्या. बैठकीत काय झालं ते मला जरूर कळवा.